बायकोच्या जागी

घरकाम कुणाचं, यावर लोकांनी बोलावं म्हणून दिग्दर्शिका मिखालनं नाटक बसवलं होतं. बायको ऑफिसातून येते, नवरा मोबाईलमधून डोकं वर न काढता विचारतो, "जेवायला काय आहे?" इथे प्रेक्षकांनी 'थांबा' म्हणायचं, बायकोच्या जागी येऊन पुढचं बदलून दाखवायचं. पण कळंबोली काय नि खारघर काय, उठणारे तिला आणखी गोड बोलायला लावून परत स्वयंपाकघरातच पाठवत. मिखालला वीट आला होता.

आज पनवेलला प्रेक्षकांतल्या सुमतीकाकू 'थांबा' म्हणाल्या. मंचावर आल्या आणि सरळ खुर्चीत बसल्या. नाटकातल्या नवऱ्यानं विचारलं, पुन्हा विचारलं. काकू ढिम्म.

"काकू, काहीतरी करा ना," मिखाल वैतागली.

"करतेय की. बसलेय."

तेवढ्यात प्रेक्षकांतून एक काका ओरडले, "सुमती, जेवायचं काय?"

मिखालनं कपाळाला हात लावला. "काका, मध्ये यायचं तर आधी 'थांबा' म्हणायचं असतं."

"अहो, मी कुठे नाटकात आहे? मी नवरा तिचा. मला खरंच भूक लागलीय."

काकूंनी चपला काढल्या आणि खुर्चीवरच मांडी घातली.