दर्यातलं जनावर

दर्याची आण, यातला शब्दन्‌शब्द खरा! रेवसला तंबूत विलायती सिनेमा आलेला, त्यात दर्यातलं जनावर अख्खी होडी गिळतं. सकाळी धक्क्यावर त्याचीच चर्चा होती. मनुबाई म्हणाली, “मी डोळंच मिटलं.” तिचा मोरू म्हणाला, “आये, रबराचं व्हतं, आत मानूस!” सुकट निवडणारी रंगू कोळीण भडकली, “रबराचं कसं? माझ्या दादल्याला त्यानंच गिळलं.” मुंबईला मासळी घेऊन गेलेला तिचा नवरा बाळाजी दोन पावसाळे परतला नव्हता. मोरू हसला, “वयनी, बाळाजीला परवा मुंबईत बघितला. नवी बायको, कडेवर पोर.” कोळणींच्या रीतीनं रंगूनं उजव्या हातातल्या बांगड्या लग्नातच दर्याला वाहिलेल्या, धनी सुखरूप यावा म्हणून. आता डाव्या हातातल्या तिनं दगडावर फोडल्या. “जनावर खरंच हाय! मेला तो!” म्हणत ढसाढसा रडली. बरं, रडली एवढं माझ्या पदरचं.