डावा कान

"यंत्र आलंय म्हणे," मेजरीणबाई साहेबांच्या उजव्या हाताला बसत म्हणाल्या. "काचेच्या खोलीत कोंडतात, कानांवर टोप्या चढवतात आणि आवाज आला की बटण दाबायचं. तुमचं कसं व्हायचं हो?"

"व्हायचं ते होईल," साहेब म्हणाले आणि बुटाला पॉलिश करत राहिले.

नवरा मेजर असताना शेजारणींनी दिलेलं 'मेजरीणबाई' हे नाव तो लेफ्टनंट कर्नल झाला तरी सुटलं नव्हतं. आता कर्नल व्हायची वेळ आली होती. निवड मंडळानं नाव पक्कं केलं होतं, उरली होती ती वैद्यकीय तपासणी. त्यात पास झाले तर आणखी दोन वर्षं नोकरी आणि वरच्या हुद्द्याचं पेन्शन. म्हणजे शहराबाहेर घेऊन ठेवलेल्या मोकळ्या प्लॉटवर दोन खोल्या तरी उभ्या राहणार. नापास झाले तर सहा महिन्यांत निवृत्ती, आणि दुखणं लपवलं म्हणून फाइलीत शेरा, तो वेगळाच.

कारण साहेबांचा डावा कान सोळा वर्षांपूर्वी गेला होता. सरावाच्या मैदानावर तोफ वेळेआधी उडाली आणि साहेब तिच्या अगदी शेजारी होते. ही गोष्ट नवराबायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हती.

तेव्हापासून मेजरीणबाई त्यांच्या डाव्या बाजूनं चालत. मेजवानीत त्या बाजूनं कुणी बोललं की हळूच कोपर दाबत, साहेब मान वळवत. वर्षाच्या तपासणीचं भय नव्हतं. म्हातारे डॉक्टर पाठीमागे उभं राहून आकडे कुजबुजायचे आणि ते दरवर्षी तेच. छत्तीस, एक्काहत्तर, अठ्ठावीस. छावणीतल्या पोरासोरांनाही पाठ होते. पण म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले, त्यांच्या जागी तरुण डॉक्टरीण आली आणि सोबत हे यंत्र.

खरं सांगायचं तर मेजरीणबाईंना त्या कानाचा मोठाच आधार झाला होता. संसारात तोंडावर बोलता येत नाही असं कितीतरी साठतं. संध्याकाळी साहेबांनी वर्तमानपत्र उघडलं की त्या विणकाम घेऊन डावीकडे बसत आणि पुटपुटत सगळं त्या कानात रिकामं करत. सासूबाईंना त्यांनी तिथंच 'तोफखाना' हे नाव ठेवलं होतं. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली, नाव अजून चालू होतं.

लेकीच्या परीक्षेच्या ऐन वर्षात बदलीचा हुकूम आला, तेव्हा तोंडावर त्या म्हणाल्या, "जाऊ की, त्यात काय!" डाव्या कानाला मात्र खरं काय ते सांगितलं. आठ दिवसांत बदली वर्षभर पुढे गेली. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर गुडघे धरतात, हेही त्याच कानाला सांगितलं. महिन्याभरात तळमजल्याचं घर मिळालं.

"माझं नशीबच जोरावर आहे," असं त्या शेजारणींना सांगत.

तपासणीच्या दिवशी दोघं दवाखान्याच्या बाकावर बसले. मेजरीणबाई सवयीनं डावीकडे. मनाला विसावा म्हणून त्या पुटपुटू लागल्या.

"सतरा घरं झाली. सगळी सरकारी. भिंतीला साधा खिळा ठोकायचा तर अर्ज करा! माझ्या घरात पहिला खिळा मी ठोकणार. आणि त्यावर माझ्या बाबांचा फोटो लावणार. तुमच्या तोफखान्याचा नाही, सांगून ठेवते."

साहेब समोरच्या भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता वाचत होते. नाव पुकारलं तसे ते उठले, टोपी बायकोच्या हातात दिली आणि आत गेले.

वीस मिनिटं झाली. मेजरीणबाईंनी तेवढ्यात टोपीचा बिल्ला पदरानं सात वेळा पुसला.

दार उघडलं. डॉक्टरीण हातात कागद घेऊन हसत बाहेर आली. "अभिनंदन, मॅडम. साहेब सगळ्यात पास."

"सगळ्यात? म्हणजे… कानसुद्धा?"

"दोन्ही कान ठणठणीत. त्यातही डावा जरा जास्तच तिखट. या वयात असे कान मी पाहिले नाहीत."

मेजरीणबाईंनी साहेबांची टोपी घट्ट कवटाळली. छातीवरचा धोंडा उतरला आणि डोळ्यांत पाणी आलं. कर्नल! पेन्शन! दोन खोल्या!

बाहेर रस्त्याला लागल्यावर त्यांनी विचारलं, "अहो, पण केलंत तरी काय?"

"बटण दाबत गेलो."

"अंदाजानं?"

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "बसला अंदाज."

मेजरीणबाईंना हसू आवरेना. त्या डाव्या बाजूला आल्या आणि पुटपुटल्या, "यंत्र तरी बिघडलंय, नाहीतर ती पोरगी तरी बहिरी आहे. देव दोघांचंही भलं करो."

साहेबांना अचानक ठसका लागला. बराच वेळ ते रुमालात तोंड घालून खोकत राहिले.

कोपऱ्यावर हार्डवेअरचं दुकान होतं. "थांब जरा," म्हणून साहेब आत शिरले. मेजरीणबाई बाहेर सावलीत उभ्या राहिल्या. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. प्लॉटवर स्वयंपाकघर कुठल्या अंगाला काढायचं, हे ठरवेपर्यंत साहेब परतलेसुद्धा. हातात नवी कोरी हातोडी आणि कागदाची पुडी.

"हे काय आणलंत?"

साहेबांनी पुडी त्यांच्या तळव्यावर उघडली. आत दोन लांब खिळे होते.

"पहिल्यावर तुझे बाबा," साहेब म्हणाले. "दुसरा तोफखान्यासाठी."