दुसऱ्या गिअरचा संसार

बाबांच्या जुन्या स्पोर्ट्स कारचा गिअरबॉक्स दुरुस्त झाला. म्हणजे झालाच नाही, असं आईला सांगायचं ठरलं होतं.

त्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गाडी दुसऱ्या गिअरवरच अडकायची आणि ताशी चाळीसच्या वर जायचीच नाही. म्हणून तर आई बाबांच्या शेजारी बसून गप्पा मारत फिरायला जायची.

काल मेकॅनिक म्हणाला, "साधा सेन्सर गेला होता, काका. आता बघा कशी पळते!"

पळाली. पहिल्याच सिग्नलला आई उतरली. "तुम्ही व्हा पुढे, मी येते चालत."

"अगं, काही दुरुस्त झालेलं नाहीये!"

"मग माझा चष्मा कपाळावर कसा चढला?"

आज बाबा गॅरेजात हात जोडून उभे होते.



"सदर बिघाड होता तसा पूर्ववत बसवून मिळावा, ही नम्र विनंती."