मुलाखतीआधीची दुरुस्ती

पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख नऊ वर्षं मागे होती. मुलाखतीसाठी लागणारा सॉफ्टवेअरचा भाग सकाळपासून का इन्स्टॉल होत नव्हता, ते सुमेधाला आत्ता कळलं. जुन्या संगणकाला तो भविष्यातला, म्हणून खोटा वाटत होता.

"सोड गं ते डबडं," दारातून नवरा म्हणाला. "नागपूरची नोकरी धरलीस तर घर कोण बघणार, मी?"

तिने तारीख दुरुस्त करून पुन्हा क्लिक केलं. हिरवी पट्टी या वेळी शेवटपर्यंत गेली आणि थोड्याच वेळात मुलाखत घेणाऱ्या बाई पडद्यावर दिसल्या.

"गेल्या वर्षी निवड होऊनही तुम्ही 'घरी विचारून सांगते' म्हणालात. नंतर कळवलंच नाहीत. या वेळी?"

"या वेळी विचारणार नाही," सुमेधा दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "निवडलंत तर मी येणार."