पाहुण्यांची आग

मानवजातीच्या इतिहासात माणसाचं पोट पहिल्यांदा बोललं, तो क्षण सुवर्णाक्षरांनी लिहून ठेवण्यासारखा होता. पोट म्हणालं, "अप्पा, हे चूर्ण कुणाचं?"

पोट सांगलीच्या अप्पा कुरुंदवाडे यांचं. कॅन्सरची रोजची गोळी त्यांना चांगली लागू पडली होती, गाठ निम्म्यावर आली होती. पण पोटात अशी आग पडायची की डॉक्टर ती गोळी आजपासून बंदच करणार होते. त्याआधी एकदा खात्री करावी म्हणून त्यांनी अप्पांना पोटातली आग मोजणारं, वाटाण्याएवढं बोलकं यंत्र गिळायला लावलं.

"शेजारच्या विमलवहिनींचं," अप्पा ओशाळून म्हणाले.

"आणि तो ओव्याचा काढा?"

"साडूंचा. सुंठीची वडी व्याह्यांची. माणसं भेटायला येतात, काहीतरी घेऊन येतात आणि समोर बसून घ्यायला लावतात. मन कसं मोडायचं?"

"एकूण आग नऊ," पोटानं जाहीर केलं. "त्यातली गोळीची दोन. बाकी सात पाहुण्यांची!"

फोनवर ऐकणारे डॉक्टर ओरडलेच, "गोळी चालू! बाकी सगळं आजपासून बंद!"

अप्पांच्या पत्नी पद्माताईंनी धावत जाऊन देवापुढे साखर ठेवली. अप्पांनी तर आनंदाच्या भरात त्यांच्यापुढे फुगडीसाठी हात केले.

तेवढ्यात बेल वाजली. दारात विमलवहिनी, हातात नवी बरणी.

अप्पांनी पोटावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "बाबा रे, एवढं त्यांना तूच सांग."