पुढचे पाटे

गाडीच्या पुढच्या रुळाला अजून मेंढीची लोकर चिकटलेली होती. केरबाने ती बोटांनी सोडवली, खाली टाकली आणि जॅक लावला.

दुसऱ्या महायुद्धात लष्कराने वापरलेली ती पिकअप नानासोने पुण्याच्या लिलावातून आणली होती. कवठे महांकाळच्या माळावर धड रस्ते नव्हते. ओढ्यातून, दगडांवरून, बांधांवरून जाईल अशी तेवढी एकच गाडी. नानासोने तिच्या तोंडाला आगगाडीच्या रुळाचा तुकडा ठोकून घेतला होता. त्याच्या शिवारात कुणाची मेंढरं शिरली की तो गाडी थेट कळपात घालायचा. रुळाच्या वजनाने पुढच्या स्प्रिंगांचे पाटे बसले होते आणि खड्ड्यात गेलं की आस दगडाला घासत होता.

"दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढीव घाल," नानासो म्हणाला. "तोंड वर उचललं पायजे. सोमवारी फौजदारानं सांगलीला बोलावलंय. धुळाच्या भानगडीचा एकदाचा निकाल लावून येतो."

धुळा हा केरबाचा थोरला भाऊ. वर्षापूर्वी नानासोच्या बांधाखाली तो सापडला तेव्हा त्याचं डोकं ठेचलेलं होतं आणि त्याची मेंढरं वर पिकात चरत होती. मारणारा कोण, हे गावाने त्याच दिवशी ठरवून टाकलं. साक्षीला मात्र कुणी पुढे आलं नाही. नानासो स्वतः ना हो म्हणाला, ना नाही. त्याला पाहून लोक वाटेतून बाजूला होऊ लागले होते, ते त्याला बरंच वाटत असावं.

जाता जाता तो थांबला.

"तुला कायबी इचारायचं न्हाई मला?"

"सोमवारपातुर हुईल काम," केरबा म्हणाला.

दुपारी साळूबाई भाकरी घेऊन आली. ती धुळाची बायको. धुळा गेल्यावरही ती त्याच घरात राहिली होती. भावकीने तिचं धाकट्या दिराशी म्होतूर, म्हणजे दुसरं लग्न, लावायचं ठरवलं होतं. केरबा तर कधीचा तयार होता. पण तिने सगळ्या म्हाताऱ्यांसमोर सांगितलं होतं, की धुळाला मारणारा जिवंत आहे तोवर ती दुसऱ्याच्या नावाचं कुंकू लावणार नाही.

भाकरीचं फडकं हातात धरून तिने त्या गाडीकडे पाहिलं.

"भावजी, ही गाडी सांगलीला पोचली न्हाई पायजे."

केरबाने हात पुसले. "आनि मग?"

"मग भावकी म्हनंल तसं."

पुढचे दोन दिवस त्याने मान वर केली नाही. एका मोडक्या लॉरीचे पाटे त्याच्याकडे पडून होते. ते त्याने भट्टीत लाल केले, ऐरणीवर ठोकून त्यांना नवी कमान दिली, तेलात बुडवले आणि जुन्या पाट्यांखाली एकावर एक बसवले. लढाईच्या वेळी इराकमध्ये पलटणीच्या गाड्या दुरुस्त करताना हे काम तो शिकला होता.

रविवारी नानासो काम बघायला आला. त्याच्या मागोमाग बिराप्पा आला. ती लोकर त्याच्या कळपातली होती. नऊ मेंढ्या मेल्या, निदान पाय मोडलेल्या दोन तरी शहरात जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायला गाडी द्या, एवढंच तो हात जोडून मागत होता. नानासोने जॅकचा दांडा उचलला आणि त्याच्या तोंडावर मारला. बिराप्पा गुडघ्यांवर बसला, तेव्हा दुसरा फटका पाठीत घातला. तिसऱ्याला हाड मोडल्याचा आवाज आला. बिराप्पा रक्त आणि दात मातीत थुंकत रांगत बाहेर गेला.

केरबा कानस चालवत होता. त्याचा हात एकदाही थांबला नाही.

नानासोने दांडा जागेवर ठेवला, रुळावर उभा राहून दोन-तीनदा उड्या मारल्या. गाडीचं तोंड चार बोटं वर आलं होतं आणि जरासुद्धा दबत नव्हतं. तो खूश झाला. काम खरोखरच चोख होतं. फक्त डाव्या बाजूचे, पाटे आसाला आवळून धरणारे बोल्ट केरबाने करवतीने पाऊण कापले होते आणि खाचांत ग्रीस भरलं होतं.

सोमवारी सकाळी केरबा आणि साळूबाई सांगलीच्या वाटेवर, दंडोबाच्या डोंगराकडच्या उतारावर जाऊन बसले. आपल्या डोळ्यांनी बघायचं, हा तिचा हट्ट. ऊन तापायला लागलं तेव्हा गाडी आली. नानासो एकटाच होता आणि नव्या पाट्यांच्या भरवशावर सुसाट होता. वळणावरच्या खड्ड्यात चाक आपटलं. काडकन आवाज झाला. डावं चाक मागे सरकलं, गाडी वाकडी झाली, कड्यावरून खाली गेली, दोन कोलांट्या खाऊन खालच्या घळीत आडवी पडली.

केरबा घसरत खाली उतरला. नानासोच्या छातीत स्टिअरिंगचं चक्र रुतलं होतं. एक पाय गाडीखाली चेंगरला होता, कानातून रक्त येत होतं. पण तो श्वास घेत होता.

साळूबाई वर रस्त्याच्या कडेला उभी होती.

"जित्ता हाय का त्यो?" तिने वरून विचारलं.

"न्हाई," केरबाने ओरडून सांगितलं. मग आजूबाजूला पाहून त्याने एक मोठा धोंडा उचलला.

नानासोने डोळे उघडले. धोंड्याकडे पाहिलं, मग केरबाकडे. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"फौजदाराला आज ह्येच सांगनार हुतो," तो हळू म्हणाला. "बांधावरनं बघितलं हुतं म्या. धुळाच्या डोस्क्यात बी तू असाच दोनी हातांनी धोंडा घातलास."