वाजणारे बूट

जाऊबाईंची पोरं त्यांना आई आणि मला काकी म्हणायची. त्यांचं ऐकून माझी दोन वर्षांची लेकही तेच म्हणायला लागली. टोमॅटो तोडून घरी आले, की ती जाऊबाईंच्या कडेवरून ओरडायची, “आई, काकी आली!” सगळे हसायचे, माझा जळफळाट व्हायचा. लाच म्हणून नारायणगावच्या बाजारातून पींपीं वाजणारे बूट आणले. पायात घालताच ते वाजत थेट जाऊबाईंकडे गेले. “आई, बघ!” एके दिवशी ती अंगणात पडली, गुडघा फुटला. जाऊबाई हळदीची चिमूट घेऊन धावल्या. पण बूट वाजत त्यांना वळसा घालून माझ्याकडे आले. “काकी गं!” म्हणत ती मांडीत शिरली. “मी दिसले न्हाई व्हय गं तुला?” जाऊबाईंचा चेहरा पडला, माझा रोज पडायचा तसाच. म्हटलं, “आक्का, हळद तुमीच लावा.” लेकीला मात्र मांडीवरून सोडलं नाही.